हरणासाठी आणलेल्या गोळ्या

७ जानेवारी १९५२, सोमवार

माहेराहून निघताना दादानं ही वही दिली. म्हणला, तिसरीपर्यंत शिकलीस, अक्षर मोडू देऊ नको, तारीख घालून दोन ओळी लिहीत जा. फर्दापूरला असताना व्हय म्हणले. इथं आले अन् लेकराच्या, सांडूच्या लंगोटातून हातच निघंना.

आज बसले, कारण घरात बंदूक आलीय.

बंदूक नानासाहेबांची. ते माझे थोरले चुलत दीर. पोलीस ॲक्शनच्या वक्ताला गावातल्या सगळ्या बंदुका जमा झाल्या होत्या. आता पिकाच्या राखणीसाठी नानासाहेबांना लायसन मिळालं. शेंद्र्याच्या माळावरून हरणं येतात अन् हरभरा खाऊन जातात. पण नानासाहेबांना लांबचं नीट दिसत नाय अन् ह्यांचा नेम चांगला. म्हणून बंदूक आमच्या खुंटीला.

मी म्हणले, "खाली पाळणा हाय."

"रिकामी हाय ती."

"रिकामी हाय हे तिला माहीत हाय का?"

सासूबाई हसल्या. हे हसले नाय. बंदूक उचलून दुसऱ्या खोलीत लावली.

मी लहान असताना मामाला घाटातून खाटेवर टाकून आणलं होतं. छाताडावर बारीक भोक. पाठ बघू दिली नाय कुणी. तवापासून बंदूक दिसली की मी दुसऱ्या वाटंनं जाते.

११ जानेवारी, शुक्रवार

समोरच्या घराचं कुलूप उघडलं. माझं लग्न होऊन अडीच वर्षं झाली, ते दार मी उघडं कधी बघितलं नव्हतं. मला वाटायचं बेवारस घर हाय.

रहीम मुलाणी म्हणून हायेत. बायको मुनिरा, एक पोरगी वहिदा. पोलीस ॲक्शननंतर भिऊन शहरात सोयऱ्याकडं गेले होते, ते आता परत आले. सासूबाईंनी सांगितलं, विहिरीजवळचं शेत त्यांचंच.

माझ्या हातातली परात तशीच राहिली. ते शेत लग्नाआधी माझ्या बापाला दाखवलं होतं. ह्यांनी अन् नानासाहेबांनी भागीत तिथं तीन सालं हरभरा घेतला. आवंदाही उभा हाय. मला ते आमचंच वाटत होतं.

नानासाहेब चहाला आले. ह्यांना म्हणले, "बद्री, गेलेलं माणूस परत आलं की दोन घरं दुखतात."

ह्यांनी कप उचलला नाय. चहा निवून गेला.

मग हे समोर गेले. मी दाराच्या फटीतून बघत होते. रहीम दारात आला. मग हे म्हणले, "तुपलं शेत, मपली पेरणी."

रहीम म्हणला, "अन् हरणं दोघांचं खायलेत."

दोघं हसले. लग्नापासून ह्यांना असं हसताना मी बघितलं नाय. मला ते हसणं बरं वाटलं नाय.

१७ जानेवारी, गुरुवार

हे काल शहरात गेलते. गोळ्या आणल्या.

घोंगड्यावर दोन पुड्या सोडल्या. मी सांडूला पाजत दाराआड. गोळ्या सारख्याच लांब, बूड पितळी. एका पुडीतल्या गोळ्यांचं नाक उघडं, शिशाचं, बोथट, राखेसारखं. दुसरीतल्यांच्या नाकावर तांब्याचा पत्रा चढवलेला. गुळगुळीत, चमकणारं.

नानासाहेबांनी बोथट उचलली. "ही मऊ नाकाची घे. आत गेली की फुलती. हरीण जागच्या जागी."

"जागच्या जागी नको," हे म्हणले.

"मग काय नाचवायचंय?"

"पडलं पाहिजे, पण जीव राहिला पाहिजे. लगेच मेलं तर रहीमचा काय उपेग?"

नानासाहेबांनी ती गोळी खाली ठेवली. मग हसले. "मग ही कडक घे. ही फुलत नाय. आरपार जाती. पण बद्री, आरपार गेलेली गोळी पलीकडं कोण हाय ते इचारत नाय."

"मी बघंन की."

"रहीम पुढं पळंल ना?"

"पळावंच लागंल त्याला."

ह्यांनी कडक गोळ्यांची पुडी उशाला ठेवली. मऊ गोळ्या नानासाहेबांना देऊन टाकल्या.

हरणाला मारायचं तर जागच्या जागी का नको? जीव कुणाचा राहिला पाहिजे हे कुणी नाव घेऊन बोललं नाय. अन् पुढं पळायचं ते रहीमनं. बंदूक मागं, ह्यांच्या हातात.

मी काही इचारलं नाय.

२० जानेवारी, रविवार

मळ्यात दोन भोपळे बांधावर ठेवून गोळ्या मारून बघितल्या. ह्यांना खात्री करायची होती म्हणे. सासूबाई म्हणल्या चल, म्हणून गेले. सांडूचे कान झाकले.

नानासाहेबांकडच्या मऊ गोळीनं भोपळा फुटला. निम्मा राहिलाच नाय, बिया बाभळीवर जाऊन चिकटल्या. कडक गोळीला पुढं भोक, मागं भोक, मधी भोपळा शाबूत. मी करंगळी घालून बघितली. बसली.

हे वाकून त्या भोकाकडं बघत राहिले. म्हणले, "हे बरं हाय."

काय बरं हाय त्यात?

आता कळतंय, मामाची पाठ का बघू दिली नाय ते. मऊ नाकाची लागली असंल. मला इतकी वर्षं वाटायचं, गोळी म्हणजे गोळी. त्यातही निवडायचं असतं.

फुटलेला भोपळा मी हातात घेतला नाय. सासूबाईंनी शिजवला. म्हणल्या, "गोळी लागली म्हणून कडू व्हतो का गं?"

२४ जानेवारी, गुरुवार

मुनिरा आली. सांडूला टोपडं शिवून आणलं. माझ्याच वयाची हाय. बसली तीही दाराकडं तोंड करून, मी बसते तशी.

सासूबाईंनी तिचं तोंड हातात धरलं अन् रडल्या. "तीन सालं माझ्या तोंडाला चव नव्हती गं."

"सारजामाय, आता आले ना आम्ही. अब खाओ पेटभर."

"पौष सरला की सांडूचं जावळ करू. रहीम येईस्तोवर करायचं नाय, असं मीच म्हणले होते."

हे मला आजच कळलं. माझ्या लेकराच्या केसांचा अन् ह्या माणसाचा काय संबंध? केस तर न्हावी कापतो.

मग वाटलं, त्याला परत बोलवायला सांडूचं नाव पुढं केलं का? लेकराचं कार्य म्हणलं की कुणी नाय म्हणत नाय.

मुनिरा गेल्यावर समोर बघितलं. रहीम अंगणात दगडावर सुरी घासत होता. हातावरचे केस कापून धार बघत होता. सांडूकडं बघून हसला. मी लेकरू आत घेतलं.

जेवताना ह्यांना म्हणले, "शिकारीला रहीमला कामून नेता?"

"मग कुणाला नेऊ?"

"नानासाहेब हायेत की."

"नाना येणारच हाय. नको म्हणलं तरी येणार."

ताटात बघून जेवले.

२६ जानेवारी, शनिवार

शाळेत झेंडा झाला. पोरांना शेंगदाणे वाटले. नानासाहेब तिकडून इकडंच आले, टोपी घालून.

"बद्री, शिकारीच्या दिवशी बंदूक माझ्याकडं दे. लायसन मपलं हाय."

"तुला लांबचं दिसत नाय."

"पळणारं दिसतं."

"धुकं असतं तवा."

"धुक्यात काय, पळणारं हरीण अन् पळणारं माणूस सारखंच. शिकारीत चुकतं एखाद्याचं. सरकारलाही माहीत हाय."

हे उठून उभे राहिले. "बंदूक माझ्याच हातात राहील."

थोरल्याला हे असं कधी बोलत नायत. आवाज बारीक होता पण मला दारापर्यंत ऐकू आला. म्हणजे हे काम ह्यांना दुसऱ्याच्या हातानं करायचं नाय. स्वतःच करायचंय.

जाताना नानासाहेब दाराशी थांबले. म्हणले, "वच्छलाबाई, लेकराला जपा. घरात शेत राहिलं तर लेकराला राहील."

मी पदर ओढून मान हलवली. घरात एवढा एक माणूस माझ्या लेकराचा विचार करतो.

हे रोज सांडूला पोटावर निजवतात. त्याच्या नाकाला नाक लावतात. असा माणूस असं करंल का? पण मामाला ज्यानं मारलं त्यालाही लेकरं असतीलच.

२९ जानेवारी, मंगळवार

जावळ रविवारी ठरलं. त्याच दिवशी येरवाळी, दिवस उगवायच्या आत शिकार, दुपारी जेवण.

मी विहिरीवर मुनिराला गाठलं. दुसरं कुणी नव्हतं. म्हणले, "रविवारी तुझ्या मालकाला पाठवू नको. पोटात दुखतं म्हणून सांग, काही सांग."

"कामून?"

"मला सपान पडलं."

तिनं पोहरा खाली ठेवला. "सपना पडला का कुछ सुनी तू?"

मी सगळं सांगितलं. आरपार गोळी. जीव राहिला पाहिजे. पुढं पळावंच लागंल. नवऱ्याच्या विरुद्ध बोलले. देव मला बघंल काय करायचं ते.

मुनिरानं पोहरा परत विहिरीत सोडला. मग म्हणली, "एक बार भागे. वहिदा पोटात होती. आता नक्को वाटतंय भागायला." अर्धी घागर घेऊनच गेली.

घरी आले तर सांडू भुकेनं लाल झालेला. दूध येईना.

२ फेब्रुवारी, शनिवार

रोज सकाळी आधी समोर बघते, कुलूप लागलं का. नाय लागलं.

आज दिवस असताना रहीम दारात आला. हे मळ्यात. सासूबाई न्हाव्याला सांगायला गेलेल्या.

"वहिनी, मुनिरानं सांगितलं."

मी चौकट धरली.

"तुम्ही ऐकलं ते तुम्ही समजता तसं असंल, तर मी घरी बसून वाचतो काय? दोन दारात अंतर केवढं?" आवाज चढलेला नव्हता. "बद्रीच्या पुढं मी मिसरूड नव्हतं तवापासून पळतो. त्याचा बाप मारायचा, माझा बाप पळायचा."

मी सांडूला उचलून घेतलं.

जाता जाता म्हणला, "उद्या पाणी जास्त तापवा. रक्त लई असतं."

३ फेब्रुवारी, रविवार

सगळं लिहिते. अक्षर वाकडं येतंय.

तांबडं फुटायच्या वक्ताला तिघं गेले. ह्यांनी एक कडक गोळी बंदुकीत घातली, बाकीच्या इथंच ठेवल्या. माळावर धुकं होतं. मी चुलीवर हंडा ठेवला अन् बसून राहिले.

एक आवाज झाला.

मग कायबी नाय. कावळे उठले, बसले. सासूबाई निवांत मसाला वाटायल्या. मला वाटलं ह्यांना ऐकू आलं नाय का?

आधी नानासाहेब आले. एकटेच. तोंड काळंठिक्कर. आमच्या दारावरून गेले, मान वर केली नाय.

मी सांडूला उचललं अन् अनवाणी पळाले. समोरून मुनिरा पळत निघाली होती. तिच्या डोक्यावर ओढणी नव्हती. आम्ही दोघी नुसत्या पळालो.

नाल्याच्या चढाला हे दिसले. सदऱ्यावर रक्त. एकटे. मी तिथंच उभी राहिले. मुनिरा पुढं गेली, अन् मग ती रस्त्यातच खाली बसली.

ह्यांच्या मागून रहीम चढून आला. खांद्यावर काळवीट, चारी पाय हातात धरलेले. कोपरापर्यंत लाल. बसलेल्या बायकोला म्हणला, "उठ, क्या हुआ? हरीणच हाय."

हे मला म्हणले, "पाणी तापलं का?"

काळविटाच्या मागच्या अंगाला बारीक भोक. गळा कापलेला.

सासूबाईंना मी इचारलं, गळा कामून कापला, मेलेलंच होतं ना? त्या म्हणल्या, "मेलेलं असतं तर घरात आणू दिलं असतं का मी? मुलाण्याची सुरी फिरल्याशिवाय ह्या घरात मटण शिजत नाय. माझ्या सासऱ्यापासून. रहीम गेला तवापासून मी तोंडात घातलं नाय. अन् जीव गेल्यावर सुरी फिरवून काय उपेग? तो तरी खाईल का, अन् मी तरी?"

म्हणून मऊ नाकाची नको होती. म्हणून पळावंच लागणार होतं.

मला हे कुणी सांगितलं नाय. माळकऱ्याची पोर मी, आमच्या चुलीवर कधी अंडंही उकडलं नाय. मला कोण सांगणार.

सांडूचं जावळ झालं. रडला, मग टकल्यावर हात फिरवून हसला. मी भाकरी थापल्या. मुनिरा रस्सा करायली. रहीम सोलता सोलता सांगत होता. "हरीण पडलं, मी पळालो. निम्म्यात गेलो असंल, मागून नानासाहेब ओरडले, बद्री, पलीकडं दुसरं हाय, घे ही गोळी, मार. मी वळून बघितलं, तर बद्रीनं बंदूक जमिनीवर आडवी टाकलेली अन् वर मांडी घालून बसलेला. जसा काय जेवायलाच बसला."

सगळे हसले. हे हसले नाय.

मी म्हणले, "पलीकडं दुसरं होतं का?"

रहीम सुरी पुसत म्हणला, "मला तर दिसलं नाय, वहिनी."

मी भाकरी फिरवायची विसरले. करपली. नानासाहेबांच्या खिशात गोळी कुठून आली, ते मला माहीत हाय. मऊ नाकाच्या त्यांच्याकडंच दिल्या होत्या.

सासूबाईंनी पहिला घास घेतला अन् डोळे मिटून चावत बसल्या. दुसरा वहिदाला भरवला. नानासाहेब जेवायला आले नाय. डोकं दुखतंय म्हणून निरोप आला.

सगळे गेल्यावर हे म्हणले, "मुनिराला काय म्हणलीस तू?"

सांगितलं. जसंच्या तसं.

ह्यांनी सांडूची गोधडी सारखी केली. मग म्हणले, "मला इचारायचं होतं."

"इचारलं असतं तर सांगितलं असतं का, नानासाहेबांचं?"

"नाय," म्हणले.

८ फेब्रुवारी, शुक्रवार

हे अन् रहीम सकाळी शहरात गेले, कचेरीत. हरभरा निघाला की शेत रहीमच्या ताब्यात, तसं लिहून द्यायला.

जाताना ह्यांनी बंदुकीचा मागचा लोखंडी दांडा काढला. तो ओढल्याशिवाय गोळी आत बसत नाय. माझ्या हातात दिला. "नाना बंदूक मागायला येईल. त्याची हाय, नेऊ दे. हा देऊ नको. माहीत नाय म्हण."

मी तो सांडूच्या गोधडीखाली सारला.

उन्हं डोक्यावर आल्यावर नानासाहेब आले. सासूबाई मळ्यात. मी बंदूक आणून ओट्यावर ठेवली. त्यांनी उचलली, मागं बघितलं.

"दांडा कुठं हाय?"

"माहीत नाय."

"बद्रीनं काढला?"

"मला बाईमाणसाला काय कळतंय."

ते ओट्यावर बसले. गेले नाय. खिशातून दोन गोळ्या काढून तळहातावर घोळवायले. राखी नाकाच्या. म्हणले, "हरणं लई झालीत. आज सांजच्याला माळावर बसावं म्हणतो. दोघं माळावरनंच येतील ना, पायी?"

"नाय. शेंद्र्याच्या लोकांच्या गाडीत येणार हायेत. पाचसहा जण हायेत संग."

खोटं बोलले. आयुष्यात एवढं सरळ खोटं बोलले नव्हते.

"चहा टाका," म्हणले.

तवर सांडू जागा झाला. अंगाखाली लोखंड, रुतलं असंल. कळवळून रडायला लागला.

"घ्या त्याला. रडायलंय."

"झोपंल परत."

"घ्या की. लेकरू हाय."

उचललं असतं तर गोधडी उचलली असती. मी चूल फुंकत बसले. लेकरू रडून रडून निळं पडायलं अन् मी आई असून चूल फुंकत बसले. नानासाहेब उंबऱ्यापर्यंत आले. पाळण्याकडं बघायले.

मी ओरडून हाक मारली, "मुनिरा."

ती आली. हात पिठाचे. तिनं नानासाहेबांकडं बघितलं, ओट्यावरल्या बंदुकीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. काही इचारलं नाय. पाळण्याच्या अन् त्यांच्या मधी, बरोबर मधी, खाली बसली. झोका द्यायली. एकदा तिचा हात गोधडीवर पडला अन् तिथंच थांबला. मग तिनं ओढणी पाळण्यावर पसरली.

चहा दिला. त्यांनी बशीत ओतून सावकाश पिला. सांडू रडत होता. बशी पालथी घालून नानासाहेब उठले. नुसती बंदूक काय कामाची, म्हणले, अन् ती तिथंच टाकून गेले.

ते वळणाला गेल्यावर मी सांडूला उचललं. पाठीवर दांड्याचा वळ उठला होता, बोटभर जाड, लाल. मला रडू आवरंना.

मुनिरानं घरून तेल कोमट करून आणलं. त्याला मांडीवर पालथं घातलं अन् हे दोघं येईस्तोवर पाठ चोळत बसली.